३, ३.५ आणि ३.३: मॉडेल विमानाच्या इंजिन माउंटचं एक प्रकरण

भुसावळच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने बाल्सा आणि प्लायचं शिकाऊ मॉडेल विमान बांधलं. इंधन सोडून वजन अडीच किलोच्या आसपास. पुढे ०.४६ घन इंचाचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं, टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगवर इंधन पेटवणारं). पंखांची जोडणी, शेपटीचा काटकोन, पृष्ठभागावरची फिल्म, सगळं मन लावून केलेलं. इंजिन मात्र विमानावर चढेना, कारण माउंटमधली चार भोकं बिघडली होती.

माउंट ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं होतं. मागे चौकोनी पाट, तो विमानाच्या पुढच्या प्लायच्या भिंतीला चार बोल्टांनी बसतो. पाटातून पुढे दोन दांड्या निघतात, त्यांवर इंजिनचे दोन्ही कान टेकतात. प्रत्येक कानात दोन भोकं, त्यांतून एम ४ चे, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचे, बोल्ट खाली दांडीत जातात. दांड्या कोऱ्या येतात, कारण कानांतल्या भोकांचं अंतर इंजिनागणिक बदलतं. भोकं पाडून त्यांत आटे पाडायचं काम बसवणाऱ्याचं.

माझं वर्कशॉप जळगावच्या एमआयडीसीत आहे. ठिबकच्या आणि पाइपांच्या साच्यांची दुरुस्ती हे रोजचं काम, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि तुटलेले टॅप यांच्याशी नेहमीचा संबंध. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकमेकांच्या उलट असलेल्या दोन चुका एकाच तुकड्यावर बघायला मिळाल्या. शिवाय भोक आणि आटा यांची चर्चा सहसा टॅप हातात घेतल्यावर सुरू होते, आणि तोपर्यंत बहुतेक निकाल लागलेला असतो.

माउंट आलं तेव्हाची अवस्था

उजवीकडच्या मागच्या भोकात एम ४ चा टॅप तुटून अडकलेला. तुकड्याचं टोक दांडीच्या पृष्ठभागावर सुमारे दोन मिलिमीटर वर आलेलं. बाकीच्या तिन्ही भोकांत आटे पाडलेले, पण एका भोकातले आटे बोल्ट आवळताना उपटून आलेले. बोल्टाच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमचा पिळलेला तार तसाच होता. उरलेल्या दोन भोकांत बोल्ट जात होते, पण तिरके. इंजिन ठेवलं की एक कान टेकायचा आणि दुसऱ्याखाली फट दिसायची.

विद्यार्थ्याने काय केलं ते त्याने काही न लपवता सांगितलं, आणि त्यामुळेच कारणं शोधता आली. त्याच्याकडे ३ आणि ३.५ मिलिमीटरचे ड्रिल होते. पट्टीने मोजून, सेंटर पंच मारून, हातातल्या ड्रिल मशीनने त्याने चारही भोकं आधी ३ ची पाडली. पहिल्याच भोकात टॅप घट्ट जाऊ लागला. त्याने जोर लावला आणि टॅप तुटला. मग बाकीची तीन भोकं त्याने ३.५ ने मोठी केली, संचातला दुसरा टॅप घातला आणि तो सहज उतरला. त्याला वाटलं आता जमलं. इंजिन ठेवून तीन बोल्ट आवळायला घेतले, त्यात एकाचे आटे निघाले.

आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी टॅपच्या तुकड्याशेजारून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "हाई भोक धाकलं शे." मोजून पाहिलं तर तेच निघालं.

भोक लहान, भोक मोठं

एम ४ म्हणजे बाहेरचा व्यास ४ मिलिमीटर आणि नेहमीच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७. व्यासातून पिच वजा करायचा, ४ उणे ०.७, म्हणजे ३.३. हाच टॅपआधीचा ड्रिल. हा ठोकताळा सगळ्या फिटरांना पाठ असतो: एम ३ ला २.५, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५.

आता ३ चं भोक घेतलं तर काय होतं? एम ४ च्या आतल्या आट्याचा हिशेबाचा सर्वांत लहान व्यास ३.२४ मिलिमीटर आहे. टॅपच्या दातांच्या बुडाचा व्यासही ३.१ च्या वरच असतो. म्हणजे ३ च्या भोकात दात तर कापतातच, पण टॅपचा गाभासुद्धा भिंतीला घासू लागतो. कापलेल्या किसाला जायला जागा नाही. अ‍ॅल्युमिनियम मऊ आणि चिकट, ते दातांना धरतं. त्यात चार मिलिमीटरचा टॅप म्हणजे खाचा वजा जाता उरलेला बारीक, ठिसूळ गाभा. तो वाकत नाही, सरळ तुटतो. मुलाच्या हाताला जो घट्टपणा जाणवला तो खरा होता, पण त्याचं उत्तर जोर लावण्यात नव्हतं.

३.५ ने उलटी गोष्ट झाली. ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्या घालून भोकं तपासली, तर ३.६ ची सहज आत गेली आणि ३.७ ची गेली नाही. हातातल्या मशीनने ड्रिल हलतो, भोक थोडं मोठं होतंच. आट्याची उंची किती उरली याचा हिशेब असा: ३.३ च्या भोकात पूर्ण आट्याच्या सुमारे ७७ टक्के उंची मिळते, ३.५ ला ५५, आणि ३.६ ला फक्त ४४. कठीण पोलादात साठ टक्क्यांवर काम भागतं, तिथे टॅप वाचवण्यासाठी मुद्दाम भोक जरा मोठं घेतात. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीत, जिथे इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणार, तिथे ४४ टक्के फारच कमी. बारा हजार म्हणजे सेकंदाला दोनशे फेरे, आणि टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. हा हादरा चार बारीक बोल्टांनी पेलायचा असतो.

टॅप सहज उतरला म्हणून त्याला बरं वाटलं, ही या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी जागा. टॅप फारच सहज उतरला तर थांबून भोक मोजलं पाहिजे.

३.३ चा ड्रिल साध्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. तिथे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे असतात. टूल्सच्या दुकानात ०.१ च्या फरकाने सगळे असतात, नाव घेऊन मागावे लागतात. जिल्ह्याच्या गावी ही अडचण नाही. एक ड्रिल आणि एक टॅप यांची जोडी एकाच डबीत ठेवायची सवय मी सगळ्यांना लावतो.

बोल्ट तिरके का गेले

नुसत्या ड्रिलच्या मापाच्या चुकीने बोल्ट तिरके जात नाहीत. मुलाने अंतरं नीट मोजली होती, पट्टीवर पुन्हा तपासली तरी बरोबर येत होती. तरी चार भोकांचा आयत न होता तिरका चौकोन झाला होता. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलेली.

कारण सापडायला वेळ लागला नाही. सगळी मापं त्याने उजव्या दांडीच्या बाहेरच्या कडेपासून घेतली होती. ओतीव वस्तूच्या कडा सरळ नसतात. साच्यातून वस्तू सुटून यावी म्हणून कडांना थोडा उतार ठेवावा लागतो, अंश-दोन अंशांचा. या माउंटची दांडी टोकाकडे निमुळती होती. त्या कडेला धरून मोजलं की तो उतार थेट भोकांत उतरतो. कानांतल्या पुढच्या-मागच्या भोकांत सुमारे १८ मिलिमीटर अंतर होतं; १८ ला अर्धा मिलिमीटर म्हणजे जवळपास १.६ अंश. साच्याचा उतार मोजला, तोही तेवढाच.

१.६ अंशांना इथे मोठं महत्त्व आहे. पंखा मागून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, आणि त्याचा झोत व प्रतिक्रिया विमानाला डावीकडे ओढतात. म्हणून शिकाऊ विमानात इंजिन साधारण दोन अंश उजवीकडे रोखलेलं ठेवतात. मुलाच्या आराखड्यात दोन अंश दिलेले. भोकांतून डावीकडे १.६ गेले तर हातात काहीच उरत नाही, आणि उड्डाण घेताना विमान डावीकडे का वळतंय हे शोधायला तो रडर (शेपटीचं सुकाणू), पंख, चाकं सगळं तपासत बसला असता.

बसवताना अजून एक धोका होता. एक कान टेकलेला आणि दुसऱ्याखाली फट असताना चारही बोल्ट आवळले तर क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, पिळला जातो. आतली बेअरिंगं आणि लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) मायक्रॉनच्या हिशेबात बसवलेली असतात. पिळलेल्या केसमध्ये इंजिन चालतं, पण गरम झाल्यावर जड होतं आणि लवकर झिजतं. मुलाला ही गोष्ट माहीत नव्हती आणि इंजिनच्या कागदातही ती ठळक लिहिलेली नसते.

टॅपचा तुकडा काढणे

माउंट फेकून नवं मागवावं असा विचार आधी केला. नवं मिळालं असतं, पण दांड्या लांब होत्या, पुढे बरंच धातू शिल्लक होतं. इंजिन आठ मिलिमीटर पुढे सरकवलं तर चारही नवी भोकं कोऱ्या जागी पडत होती. जुन्या आणि नव्या भोकांच्या कडांमध्ये किमान चार मिलिमीटर धातू राहत होता, दांडीच्या टोकापासूनही पुरेसा. म्हणून हेच माउंट वापरायचं ठरलं.

अडचण टॅपच्या टोकाची. इंजिन पुढे सरकलं की ते कानाच्या सपाट भागाखाली येणार आणि कान टेकू देणार नाही. घासून सपाट करावं म्हटलं तर ग्राइंडिंगचा दगड कठीण टॅपवरून घसरतो आणि शेजारचं मऊ अ‍ॅल्युमिनियम आधी खातो. कान टेकतो त्या बसकेला खड्डा पडतो. पंचने फोडायचा तर भोकाची कड फाटते. मोठ्या टूलरूममध्ये अशा वेळी ठिणग्यांनी धातू झिजवणारं स्पार्क मशीन वापरतात. आम्ही तुरटी वापरली.

तुरटीचा गरम द्रव लोखंड-पोलादाला खातो आणि अ‍ॅल्युमिनियमला फारसा हात लावत नाही. घड्याळवाले पितळेत तुटलेले स्क्रू याच पद्धतीने काढत आले आहेत. किराणा दुकानातली साधी तुरटी कुटून, पाणी घेईल तेवढी विरघळवली. भांडं काचेचं घेतलं. लोखंडी किंवा स्टीलचं भांडं चालत नाही. माउंटवरचे सगळे पोलादी बोल्ट आधी काढले, नाहीतर तेही गेले असते. द्रव उकळीच्या खाली ठेवला. थोड्या वेळात टॅपच्या तोंडाशी बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. ती दिसली की काम चालू आहे हे समजावं. थांबली तर द्रव तापवावा, पाणी आटलं तर भर घालावी, खिडकी उघडी ठेवावी.

हा टॅप स्वस्त संचातला, साध्या कार्बन पोलादाचा होता, म्हणून लवकर पोखरला गेला. हाय स्पीड स्टीलचा असता तर बराच जास्त वेळ लागला असता. रात्रभर ठेवल्यावर भोकात काळा गाळ आणि सैल झालेला गाभा राहिला. सुईने तो उचलला तेव्हा भोकाच्या भिंतीवर अर्धवट कापलेले आटे स्वच्छ दिसत होते. दांडीचा रंग मात्र मंद करडा झाला. मुलाने माउंट पाण्याखाली धरून धुतलं आणि त्या भोकातून पलीकडे बघितलं. ते बघून आप्पांना त्याच्याइतकाच आनंद झाला.

नवी भोकं

पहिलं काम बसकेचं. टॅप मारला की भोकाच्या तोंडाशी धातूची उंच कड उभी राहते, जुन्या तीन भोकांना ती होती. ती काउंटरसिंकने काढली. मग जाड काचेवर चारशेचा पॉलिश पेपर ठेवून, दांड्यांवर मार्करची काळी शाई लावून हलकं घासलं. जिथे शाई टिकते तो भाग खोल. एका दांडीच्या आतल्या बाजूला शाई टिकली होती, ती जाईपर्यंत घासलं. इंजिन नुसतं ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले, डुलत नव्हतं.

मापासाठी या वेळी कड धरलीच नाही. माउंटचा मागचा पाट मशीन केलेला असतो, तोच आधार. इंजिन दांड्यांवर ठेवून पंख्याच्या ड्राइव्ह वॉशरचं (पंखा ज्यावर टेकतो त्या चकतीचं) तोंड मागच्या पाटाशी समांतर आहे का हे दोन्ही बाजूंनी व्हर्नियरने तपासलं आणि क्लॅम्पने धरलं. दोन अंशांचा उजवा कोन भोकांतून द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं. तो माउंट आणि प्लायच्या भिंतीमध्ये डावीकडे वॉशर घालून देता येतो आणि नंतर बदलताही येतो. पाटाच्या बोल्टांत आडवं ४० मिलिमीटर अंतर असेल तर दोन अंशांसाठी १.४ मिलिमीटरची जाडी लागते.

भोकांच्या खुणा इंजिननेच करवल्या. लेथवर एक छोटी पितळी बुश, म्हणजे आखूड नळी, काढली: बाहेरचा व्यास कानाच्या भोकात अलगद बसणारा, आतला ३.३ चा. बुश कानात, बुशमधून ड्रिल, आणि फक्त मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल खूण. हाताशी लेथ नसेल तर कानाच्या भोकात नेमका बसणारा ड्रिल हाताने फिरवून टोकाची खूण करता येते, ती जागेवर येते. त्याआधी कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचं तोंड टेपने बंद केलं. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण आत गेला तरी लायनरवर ओरखडा पडतो. खुणा झाल्यावर इंजिन बाजूला ठेवलं आणि पूर्ण भोकं माउंट एकट्याला धरून पाडली.

पिलर ड्रिलवर, व्हाइसमध्ये, दांड्यांचा पृष्ठभाग टेबलाशी समांतर. वेग मशीनचा सर्वांत वरचा. अ‍ॅल्युमिनियमला लहान ड्रिल जोरात फिरलेला चालतो. दर दोन-तीन मिलिमीटरला ड्रिल वर काढून कीस साफ आणि घासलेटाचा थेंब. दांडी १२ मिलिमीटर जाड, भोक आरपार. आरपार भोकाचा फायदा असा की कीस खाली पडतो आणि तळापर्यंत आटे पाडणाऱ्या वेगळ्या टॅपची गरज लागत नाही.

एकेक भोक पूर्ण करत गेलो. एक ड्रिल, त्याच पकडीत टॅपची सुरुवात, मग पुढचं. सुरुवात चकमध्ये टॅप धरून, मशीन बंद ठेवून, चक हाताने फिरवून. त्यामुळे टॅप भोकाच्या रेषेतच शिरतो. दोन-तीन फेरे पकडले की चकमधून सोडून टॅप हँडल लावायचं. इथे मी टॅप मुलाच्याच हातात दिला. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, घासलेट. त्याचे खांदे वर आले की आप्पा म्हणायचे, "जोर नको लावू भाऊ, त्यानी वाट त्याले सापडू दे." ३.३ च्या भोकात टॅप कसा चालतो हे त्याच्या हाताला पहिल्याच भोकात समजलं. थोडा अडतो, मागे घेताना किसाचा बारीक कट् असा आवाज येतो आणि पुन्हा मोकळा होतो. त्या आवाजाची सवय झाली की शब्दांची फार गरज उरत नाही.

पहिला बोल्ट घालून इंजिन हलकं धरलं, मग कोपऱ्यासमोरचं भोक तपासलं, मग उरलेली दोन. चारही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेले.

बसवणे आणि चाचणी

बोल्ट एलनचे, एम ४ बाय २०, खाली वॉशर. आवळताना कोपऱ्यासमोरचा कोपरा, थोडं थोडं. प्रत्येक फेरीनंतर ग्लो प्लग काढून पंखा हाताने फिरवून बघितला. आवळण्याआधी आणि आवळल्यावर हाताला सारखंच लागत होतं, म्हणजे केसला पीळ नाही. आट्यांत निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावला, पण त्याआधी बोल्ट आणि भोकं थिनरने पुसून कोरडी केली. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉलबरोबर एरंडेल असतं आणि त्याचा थर सगळीकडे बसतो. तेलकट आट्यात थ्रेडलॉक धरत नाही. जुनी भोकं इपॉक्सीने बुजवली.

आठ मिलिमीटरचा हिशेब उरला होता. इंजिन आणि मफलर मिळून अर्धा किलो. ५०० ग्रॅम आठ मिलिमीटर पुढे गेले, तर अडीच किलोच्या विमानाचा तोल १.६ मिलिमीटर पुढे येतो. शंभर ग्रॅमची रिसीव्हरची बॅटरी चाळीस मिलिमीटर मागे सरकवली आणि तोल आराखड्यातल्या जागी आला. थ्रॉटलची तार क्लेव्हिसवर (तारेच्या टोकाच्या जोडणीवर) तेवढीच वाढवली, इंधनाची नळी नवी लांब कापली.

पहिल्यांदा इंजिन चालवलं ते गावाबाहेर कपाशी उपटलेल्या वावरात, सकाळी, ऊन चढायच्या आत. मिथेनॉलची ज्योत उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून पाण्याची बादली आणि ओलं फडकं जवळ ठेवलं होतं आणि पंख्याच्या रेषेत कोणाला उभं राहू दिलं नाही. पहिली टाकी मंद आणि जास्त इंधनावर. इंजिन थंड झाल्यावर चारही बोल्ट पुन्हा तपासले. दोन अगदी किंचित फिरले, दोन जागचे हलले नाहीत. दुसऱ्या टाकीनंतर एकही फिरला नाही.

उड्डाणात विमान जरासं उजवीकडे ओढत होतं. मुलाने घरी जाऊन भिंतीमागच्या डाव्या वॉशरांतला अर्ध्या मिलिमीटरचा एक काढला, पुढच्या रविवारी पुन्हा उडवलं, आणि आता ते सरळ चढतं. माउंटच्या बोल्टांना त्याला हात लावावा लागला नाही.